तिघांचं गाऱ्हाणं

गव्हाला वाट मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी कणीक मळत होते. बोरिवली पूर्वेला काजूपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या तीनशे पोळ्या, आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी. भिंतीवरच्या टीव्हीत एक बाई हसून सांगत होती की युद्ध करणाऱ्या दोन्ही देशांनी अखेर सह्या केल्या. एका कागदावर नाही हां, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, कारण एकमेकांच्या सहीशेजारी सही करायलाही ते तयार नव्हते. मध्यस्थ मधे बसले. ठरलं असं की तीन बंदरांतून गव्हाची जहाजं बाहेर पडतील आणि त्यांच्यावर कोणी बॉम्ब टाकणार नाही. गहू अडकला म्हणून अर्ध्या जगात रोटी महागली होती, माझ्या दुकानातही पीठ महागलं होतं, म्हणजे मला आनंद व्हायलाच हवा होता.

"ताई, भावोजी सुटले!" माझ्याकडे पोळ्या लाटणारी शेवंती ओरडली.

"भावोजी काय गहू आहेत?" मी म्हटलं. "लाट तू."

सुटला नव्हता तो. माझा नवरा गुणाजी एका मालवाहू बोटीवर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. त्याची बोट चौथ्या बंदरात होती, समुद्रापासून आत, नदीच्या काठावर, आणि तिच्या पोटात गहू नव्हता, लोखंड होतं. तो करार मी नंतर मोबाइलवर शोधला आणि आमच्या श्रुतिकाला शेजारी बसवून शब्द न् शब्द वाचून घेतला. मुलगी बारावीला आहे, इंग्रजी चांगलं आहे तिचं. त्यात गहू होता, मका होता, खत होतं. माणसं होती ती गव्हाच्या बोटींवरची. चौथ्या बंदरातल्या लोखंडावर बसलेला माझा माणूस त्यात कुठेच नव्हता.

त्या दोन देशांची नावं मी घेत नाही. घेतली की पाठोपाठ शिवी येते, आणि दुकानात गिऱ्हाईकं असतात.

फेब्रुवारीत लढाई पेटली तेव्हा बोटीवर एकवीस माणसं होती. मार्चमधे कंपनीनं बस ठरवली. अठरा जण त्या बसनं सीमेपलीकडे गेले आणि तिथून विमानानं आपापल्या घरी. त्यांतले दोघं मला भेटायलाही आले, डोळे चुकवत चहा प्यायले आणि गेले. "गाडयेत जागाच नाय हुती गो," गुणाजी मला फोनवर म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला. मग मे महिन्यात दुसरी गाडी गेली, छोटी, खास उरलेल्यांसाठी. ती रिकामीच परतली. या वेळी मला अंधेरीहून एजंटच्या ऑफिसातून फोन आला. एजंट म्हणजे खलाशांना बोटीवर पाठवणारी कंपनी. तिथले देवव्रतसाहेब बोलत होते, आवाज अगदी लोण्यासारखा.

"मॅडम, मिस्टरांनी बसायला नकार दिलाय. लेखी दिलंय त्यांनी. म्हणजे आता ते तिथे स्वेच्छेनं आहेत, असं धरावं लागेल."

स्वेच्छेनं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गुणाजीला फोन लावला. मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते. सासूबाई होत्या तोवर त्यांना ते खटकायचं, त्याला कधी खटकलं नाही.

"खरा सांग," मी म्हटलं. "गाडयेत बसलंस कित्याक नाय?"

तो आधी हवापाण्यावर बोलला, मग तांदूळ संपत आल्याचं बोलला. मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की तो घाबरतो. शेवटी त्यानं सांगितलं.

बोटीवर तिघंच उरले होते. एक कप्तान, एक इंजिनाचा साहेब आणि हा. कप्तान एका देशाचा आणि इंजिनाचा साहेब दुसऱ्या देशाचा. एकमेकांवर बॉम्ब टाकणारे तेच ते दोन देश. बंदर इंजिनवाल्याच्या देशातलं, म्हणून पहारेकऱ्यांनी कप्तानाचा पासपोर्ट काढून घेतला होता आणि धक्क्यावर पाय ठेवलास तर तुरुंग, अशी तंबी दिली होती. इंजिनवाल्याचं घर तिथून दोन तासांवर, पण तो उतरला की सरळ रणावर रवानगी. एप्रिलमधे त्याचा भाऊ मेला, कप्तानाच्या देशाच्या तोफगोळ्यानं. त्या दिवसापासून हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सगळ्या बोटीत ऊब होती ती एकट्या स्वयंपाकघरात, म्हणून जेवायला दोघंही तिथे बसत, एकाच टेबलाला, आणि मधे गुणाजी.

"एक म्हणता, गुणाजी, ह्येका सांग मीठ दी," तो म्हणाला. "दुसरो म्हणता, गुणाजी, ह्येका सांग, जनरेटर बंद कर. हाताच्या अंतरावर बसलेले आसत. मी सांगतंय. मीठ पण देतंय."

"आणि तू कोण? त्यांचो मध्यस्थ?"

"मी भात शिजवतंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी उतरलंय ना अनू, तर आठ दिवसांत एक दुसऱ्याक मारतलो. आणि उरलेलो तो सवताक."

"मारांदेत!" मी म्हटलं. होय, म्हटलं. लपवू कशाला? "तुझे कोण लागतत ते? तुझी बायल हय, बापूस हय, चेडू हय. तुका त्या दोघांचो पुळको!"

त्यानं फोन ठेवला नाही. भांड्यावर डाव घासल्याचा आवाज येत राहिला.

पाड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कोणी म्हणे गुणाजी येडा आहे, कोणी म्हणे देवमाणूस आहे. देवमाणूस म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग यायचा. देवमाणसाच्या बायकोला विचारा, गॅस सिलिंडर चौथ्या मजल्यावर कोण चढवतं ते. त्या दोघा परक्या पुरुषांचा मला मनापासून मत्सर वाटत होता. माझा माणूस त्यांना दोन वेळ वाढत होता आणि मी इथे तीनशे लोकांना.

सासऱ्यांचं मात्र वेगळंच होतं. आबा, म्हणजे दत्ताराम, आयुष्यभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. छातीत अजून सूत आहे त्यांच्या, दहा पावलं चालले की खोकतात. ऐंशीपर्यंत आलेत, पण त्या मोठ्या संपाचा विषय निघाला की एकदम ताठ बसतात, कारण तो संप कोणी कधी मागे घेतलाच नाही. त्यांच्या मते वाटाघाटी अजून चालू आहेत. करार वाचून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मागणीपत्रात ज्येचा नाव नाय, तो माणूस वाटाघाटीत नाय," ते म्हणाले. "मी भोगलंय ता. तुझ्या घोवाचा नाव खंय आसा?"

"खंयच नाय आबा."

"मगे घाल."

घालायचं म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एजंटनं अडकलेल्या खलाशांच्या घरच्यांसाठी बैठका ठेवल्या होत्या, अंधेरीला, एका हॉटेलच्या तळमजल्यावर. मी जुलैत गेले, ऑगस्टमधे गेले. तिथली पद्धत अशी की बोलायचं नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायचा, साहेब टोपलीतून निवडणार आणि उत्तर देणार. माझी चिठ्ठी दोन्ही वेळा टोपलीतच राहिली. निवडल्या गेल्या त्या चिठ्ठ्यांत विम्याचे प्रश्न होते. एका चिठ्ठीत तर साहेबांचे आभार होते.

गणपती झाल्यावर तिसरी बैठक लागली, आणि या वेळी खुद्द त्या करारावर देखरेख करणाऱ्या मंडळातली बाई येणार होती. परदेशी, मोठ्या हुद्द्याची. कुठल्याशा परिषदेसाठी दिल्लीला आली होती, एक सकाळ मुंबईला देणार होती. आबा म्हणाले, मी पण येतंय. रिक्षा करून गेलो. हायवेवर त्यांना धुळीनं उबळ आली, परत जाऊया का विचारलं तर हातानंच नको म्हणाले.

हॉल गच्च भरला होता. दीडशे तरी माणसं असतील, आणि त्यातली निम्म्याहून जास्त आमच्याकडचीच, मालवण, देवगड, राजापूर, दापोली. बोटीवर जायचं म्हटलं की कोकण आधी. एसी इतका गार की बायका पदर घेऊन बसल्या होत्या. ती बाई पुढे बसली होती, साठीच्या घरातली, पांढरे केस कापलेले, पायात सपाट बूट. चेहरा दमलेला होता, पण वाईट नव्हता. तिच्या शेजारी गंधाली नावाची मुलगी बसली होती, मुलुंडची, भाषांतरासाठी बोलावलेली. बाई इंग्रजीत बोलायची, गंधाली मराठीत सांगायची.

बाईनं पडद्यावर नकाशा दाखवला. समुद्रातून एक निळी रेघ जात होती, तिच्यावरून गव्हाच्या बोटी. किती बोटी सुटल्या, किती टन गहू निघाला, कुठल्या कुठल्या उपाशी देशांत पोचला. ते ऐकून बरं वाटलं, खोटं का बोलू. कोणाचं तरी पोर जेवलं. पण रेघ नदीच्या तोंडापाशी जातच नव्हती. मी नकाशावर माझं बंदर शोधलं, तिथे साधा ठिपकाही नव्हता.

मग टोपली आली. देवव्रतसाहेबांनी तीन चिठ्ठ्या उचलल्या. विमा, नवीन भरती, पगाराची तारीख. चौथी उचललीच नाही. "मॅडमना दुपारचं विमान आहे," ते म्हणाले, "तेव्हा आभार मानून आपण इथेच थांबूया."

मी उभी राहिले.

"माझं गाऱ्हाणं आहे."

"मॅडम, आपण चिठ्ठी दिली असेल ना..."

"तीन वेळा दिली. आता चिठ्ठी नाही."

दाराजवळचा सिक्युरिटीवाला माझ्याकडे निघाला. त्याला येताना बघून मला पुढचं सुचलं. सुचलं असंही नाही, तोंडातून आलं. पदर खोचला, हात जोडले आणि नरड्यात होता तेवढा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा!"

कुठल्या देवाला हाक मारली तेही मला ठाऊक नव्हतं. गाऱ्हाणं घालणं हे आमच्याकडे बाप्यांचं काम. घरच्या गणपतीत, जत्रेत, लग्नात, घरातला जाणता पुरुष देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. क्षणभर वाटलं, फजिती झाली, बसावं खाली.

तेवढ्यात माझ्या शेजारून, सूत भरलेल्या छातीतून, फाटका आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

आबा होते. खुर्चीच्या दांड्याला धरून उभे राहिले होते.

"आज तुझी सगळी लेकरा ह्या थंड हॉलात जमलेली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मागच्या दोन रांगा.

"मोठ्या लोकांनी मोठ्या गावात बसान समुद्रातली वाट सोडवल्यानी, तेंचा बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा हॉल. आमच्या माणसाचे हात गाऱ्हाणं ऐकलं की आपोआप जुळतात, त्याला विचार करावा लागत नाही. सिक्युरिटीवाला कणकवलीचा निघाला. वाटेतच थांबला, टोपी काढून काखेत मारली. देवव्रतसाहेब वेंगुर्ल्याचे, इंग्रजी कितीही झाडलं तरी गाऱ्हाणं मधेच तोडायची त्यांची छाती होईना. आणि ती परदेशी बाई, तिला वाटलं प्रार्थना चालू झाली. ती उठली, हात जोडले आणि मान खाली घालून उभी राहिली.

"पण गव्हाक वाट दिल्यानी आणि माणसाक इसारले म्हाराजा! चवथ्या बंदरात, नदीच्या पोटात, लोखंडार बसलेलो माणूस तेंका दिसलो नाय. तेका डोळ्यांसमोर आण म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत सगळं मनासारखं झालं. आता फक्त गुणाजीचं नाव घ्यायचं होतं. त्यासाठीच तर मी आले होते, त्याच्या एकट्यासाठी. पण गाऱ्हाण्याची एक वहिवाट असते. त्यात एकट्यासाठी मागता येत नाही. घरातल्या, वाडीतल्या एकूण एक माणसाचं नाव घ्यावं लागतं, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचंही. गावी ज्या भावकीनं आबांशी बांधावरून पंधरा वर्षं कोर्टकज्जा केला, त्यांचं बरं कर म्हणून आबांनी दर गणपतीत मागितलंय, दात खाऊन का होईना. माणूस गाळला तर गाऱ्हाणं लागू पडत नाही, असं लहानपणापासून कानावर आलेलं. म्हणून गुणाजीचं नाव घेतल्यावर माझं तोंड थांबलं नाही.

"गुणाजी दत्ताराम आसा म्हाराजा! तेच्या जोडीक कप्तान आसा!" मी त्याचं नाव घेतलं, जसं जिभेला जमलं तसं. "आणि तेच्यासमोर बसान जेवता तो इंजनाचो सायब आसा!" त्याचंही नाव घेतलं. "तेंचे देश एकमेकांचे वैरी आसत, पण बोट एक आसा आणि टोप एक आसा. जी काय आग तेंच्यात पेटलेली आसा ती इझय, आणि तिघांका तीन वाटेन आपापल्या घराक पोचय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल असा काही गरजला की पडद्यावरचा नकाशा हलला.

मी खाली बसले. बाईनं गंधालीकडे वळून विचारलं, कसली प्रार्थना होती? मला तेवढं इंग्रजी कळतं.

गंधालीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग बाईला सांगितलं, "प्रार्थना नव्हती मॅडम. मागणी होती. तुमच्याकडे." आणि तिनं सगळं सांगितलं, लोखंड, टोप, मीठ मागणारे दोघं. अधेमधे अडली की मला विचारत होती, मी मिठाचं, पासपोर्टाचं, रणावर धाडण्याचं सांगितलं, ती गोड करून काही सांगत नव्हती. देवव्रतसाहेब घड्याळाकडे बोट दाखवत होते. बाईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही, ती परत बसली.

बराच वेळ ती एकटीच बोलली, मग गंधालीनं मला सांगितलं. "ताई, त्या म्हणतायत, ते बंदर करारात नाहीये आणि लवकर येणारही नाही. त्या खोटं आश्वासन देणार नाहीत. पण औषधं घेऊन जाणारा एक ताफा पुढच्या गुरुवारी त्या शहरातून परत निघतोय. तुमचे मिस्टर भारतीय, त्यांच्याबद्दल कुठल्याच बाजूची हरकत नाही. एक फोन केला तर त्यांना त्यात जागा मिळेल. दहा दिवसांत घरी."

दहा दिवस.

"आणि ते दोघं?"

"त्यांच्यासाठी दोन्ही सरकारांची संमती लागेल. एक जवळजवळ कैदी आहे, दुसरा त्यांना सैन्यात हवाय. महिने लागतील. कदाचित होणारच नाही. तीन नावं एकत्र दिली तर मिस्टरांचं नावही त्यांच्याबरोबर अडकून पडेल. म्हणून त्या म्हणतायत, एकच नाव द्या."

"घ्या मॅडम, घ्या!" देवव्रतसाहेब म्हणाले. मागून बायका दंड दाबायला लागल्या, हो म्हण गं, हो म्हण. खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. सात महिने मी दुसरं काही मागितलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर जगात एका माणसानंही मला नाव ठेवलं नसतं. आबांकडे पाहिलं, तर ते समोर बघत होते, मदत करायला तयार नव्हते.

पण मला तो डाव घासल्याचा आवाज ऐकू आला. तिसरी गाडी येणार, आणि हा पुन्हा लेखी देणार, भात शिजवतोय म्हणून. आणि समजा नाही दिलं, समजा मी रडून-भेकून त्याला गाडीत बसवलंच, तर घरी येऊन तो त्या दोघांच्या बातमीची वाट बघत बसणार, आणि ती बातमी आली की मी त्याला काय सांगणार? दीडशे माणसांसमोर मी तीन नावं घेतली होती. दीडशे माणसांनी हुंकार भरला होता. त्यातली दोन आता मी गिळायची?

"तीन," मी म्हटलं.

"ताई, नीट विचार..."

"केलाय. सांग त्यांना. तुम्ही दोन देश एका टेबलावर आणायला महिनेन् महिने घालवता, आणि तरी ते सह्या वेगवेगळ्या कागदांवर करतात. माझा नवरा दहावी नापास आहे. त्यानं दोन देश सहा महिने एका टेबलावर बसवलेत, दोन वेळ, भात वाढून. त्याच्याकडे ना झेंडा, ना गाडी, ना पगार, तोही मेपासून बंद आहे. त्याला एकट्याला उचललंत तर ते टेबल मोडलं. मग कसली शांतता राखता तुम्ही? तीन लिहा, नाहीतर एकही नको."

बोलताना मला रडू येत होतं आणि रागही. गंधालीनं ते जसंच्या तसं सांगितलं. बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतायत, बावीस वर्षं हे काम करतेय. तीन नावांचा कागद सगळ्यात तळाला जाईल, हे तुम्हाला कळतंय ना?"

"जाऊ दे तळाला. कागदावर आहे ना? जे तळाला आहे ते शोधत मी येईन. दर बैठकीला येईन, आणि आता चिठ्ठी देणार नाही."

बाईनं पर्समधून वही काढली. तीन नावं तिनं स्वतःच्या हातानं लिहिली, माझ्याकडून एकेक म्हणवून घेत, खाली बंदराचं नाव लिहिलं. मी गंधालीला म्हटलं, सही आणि तारीख पण घे. देवव्रतसाहेबांनी कपाळाला हात लावला. बाईनं सही केली, पान फाडून मला दिलं आणि स्वतःसाठी मोबाइलवर फोटो काढला. निघताना तिनं माझा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता, त्या एसीत तिलाही थंडी वाजत असणार.

बाहेर आल्यावर एक ओळखीची बाई म्हणाली, "काय गं अनुपमा, दहा दिवसांत नवरा घरी आला असता. वाट लावलीस स्वतःची." मी आबांना धरून रिक्षाकडे निघाले.

गोरेगावपर्यंत आबा रिक्षाच्या दांड्याला धरून बसले होते. मग म्हणाले, "गाऱ्हाणा बायलांनी घालूचा नसता."

"मगे?"

"मगे काय? मी व्हय म्हटलंय ना?" आणि रिक्षाबाहेर बघत खोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईकं आटोपल्यावर मी शेवंतीला घरी पाठवलं आणि फोन लावला. मे महिन्यापासून मी ह्या माणसाला फोनवर झोडलं होतं, तू घरी का येत नाहीस म्हणून. आणि काल त्याचं घरी येणं मीच माझ्या हातानं लांबवलं होतं. सरळ सांगून टाकलं. ताफा, गुरुवार, दहा दिवस, एक नाव, तीन नावं. काही गाळलं नाही.

पलीकडे डाव टोपावर ठेवल्याचा आवाज आला.

मग तो हसायला लागला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. "आता कळला तुका, मी गाडयेत कित्याक बसलंय नाय?"

"कळला नाय!" मी ओरडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आणि माका कळूक पण नको. तू घराक ये. तिघा येवा, तिघांका वाढतंय, आणि मगे तुका एकट्याक बघतंय!"

माझा आवाज तिकडे कोणीतरी ऐकला असावा. मोडक्या इंग्रजीत कोणीतरी विचारत होतं, काय झालं, घरी सगळं ठीक ना? गुणाजीनं त्याला सांगितलं, जमेल तसं. मग तिकडे एक वेगळाच आवाज सुरू झाला, त्या दोघांनाही येणाऱ्या भाषेतला, हळू, तुटक. त्याला दुसऱ्या कोणीतरी तसंच तुटक उत्तर दिलं.

"काय झाला रे? फोनवर आसस ना?"

"इंजनाचो सायब कप्तानाक सांगता आसा," तो कुजबुजला. "ह्येच्या बायलेन आपली नावा लिवान घेतल्यान म्हणान. माका मधे घेतल्यान नाय, अनू. सरळ तेकाच सांगता आसा."

मी डोळे पुसले. "मगे झाला तर तुझा काम! आता बस गाडयेत आणि ये."

"आता तर नायच," गुणाजी म्हणाला. "आता खंय बोलूक लागलेत."

मी त्याला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या. त्या दोन देशांना राखून ठेवलेल्या होत्या, त्याही घातल्या. मग फोन ठेवला, तोंड धुतलं, शटर ओढलं आणि तिन्ही नावांच्या कागदाच्या दहा झेरॉक्स काढायला स्टेशनकडे निघाले. पुढची बैठक चोवीस तारखेला होती.